सातवं अक्षर

स्पेलिंगच्या स्पर्धेसाठी शालूबाई पुकळ्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण नाव देण्याचा शेवटचा दिवस होता आणि शालूबाई दारातच उभ्या होत्या.

मिरजेत स्टेशनच्या अलीकडे शंभर खाटांचा एक दवाखाना होता. शालूबाई तिथं पुरुषांच्या वॉर्डात आया होत्या. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून त्या नवऱ्याबरोबर म्हसवडहून मिरजेला आल्या. पाऊस पडल्यावर नवरा पुन्हा गावाकडे माण तालुक्यात गेला, चार मेंढरं घेतली. शालूबाईंची नोकरी तोवर कायम झाली होती. त्या राहिल्या. मराठी तिसरीपर्यंत शाळा झालेली, वय चाळिशीच्या आसपास, आवाज मोकळ्या रानातला.

स्पर्धा काढली मोठ्या डॉक्टरांनी. ते दोन वर्षं अमेरिकेत राहून आले होते. तिथं शाळेतली मुलं स्टेजवर उभी राहून शब्दांची स्पेलिंगं सांगतात आणि लोक दिवसभर बसून ऐकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शहात्तर साली दसऱ्यानंतर त्यांनी मिरजेतले दोन आणि सांगलीतले दोन असे चार दवाखाने गोळा केले. टीम तिघांची. एक औषधांच्या खोलीतला माणूस, एक नर्स, आणि एक आया नाहीतर वॉर्डबॉय. शब्द सगळे दवाखान्यातले. एकानं आख्खं स्पेलिंग सांगायचं नाही. पहिल्यानं पहिलं अक्षर, दुसऱ्यानं दुसरं, तिसऱ्यानं तिसरं, मग पुन्हा पहिल्याकडे.

"म्हणजे सगळे एका पातळीवर येतात," डॉक्टर म्हणाले.

कोणत्या पातळीवर, ते त्यांनी सांगितलं नाही.

औषधांच्या खोलीतून लालासाहेबांचं नाव ठरलेलंच होतं. लालासाहेब बावीस वर्षं कंपाउंडर होते. भावांनी वाळव्याकडचा ऊस सांभाळला, यांनी बाटल्या सांभाळल्या. आयुष्यात आपण एकही चुकीचं लेबल लावलं नाही, हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगत, आणि ते खरं होतं. नर्समधून विजयमाला सिस्टर आल्या. त्या कमी बोलायच्या. वॉर्डबॉयमधून हरिबा जायचा होता. तो मॅट्रिक होता. पण नावं द्यायच्या आठ दिवस आधी तो पोलिसात भरती झाला आणि सायकलसकट निघून गेला.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं.

"शालूबाई, तुम्हाला ए बी सी डी येते का?"

"ऐकून हाय," शालूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नाव लिहून टाकलं.

लालासाहेब त्या रात्री नीट जेवले नाहीत. पण ते हिशेबी डोक्याचे होते. सकाळी त्यांनी शालूबाईंच्या हातात एक कागद ठेवला. साठ शब्द मराठीत लिहिलेले, आणि प्रत्येकापुढं दोन-तीन अक्षरं, तीही मराठीतच.

"तुम्ही तिसऱ्या नंबरवर उभं राहायचं," ते म्हणाले. "मी पहिला, सिस्टर दुसऱ्या. म्हणजे तुमच्या वाट्याला शब्दातलं तिसरं, सहावं आणि नववं अक्षर येणार. तेवढंच पाठ करा. बाकीच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही."

"आणि मधली?"

"मधली आम्ही बघतो."

शालूबाई फरशी पुसता पुसता पाठ करू लागल्या. न्यूमोनिया, ई, ओ, ए. बँडेज, एन, जी. डायरिया, ए, एच, ए. पेशंटांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सात नंबरच्या खाटेवरून आवाज आला, "बाई, हे काय चाललंय? कोड लँग्वेज हाय का?"

सात नंबरला सुभेदार नाथाजी होते. कोरेगावकडचे, लष्कराच्या सिग्नल पलटणीतून निवृत्त झालेले. बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, आणि पायाला वजन बांधून सहा आठवडे त्यांना उताणं निजवलं होतं. वाचायला आलेलं एकमेव वर्तमानपत्र त्यांनी जाहिरातींसकट पाठ केलं होतं.

शालूबाईंनी कागद दाखवला. सुभेदारांनी तो नाकासमोर धरून वाचला.

"ही अर्धीमुर्धी अक्षरं हायत," ते म्हणाले. "उद्या मधला माणूस पडला, मग? पलटणीत असं न्हाई चालत. आख्खा मेसेज परत्येकाला पाठ पायजे."

"मलाबी तेच वाटतंय," शालूबाई म्हणाल्या. "दात पाडल्यावानी दिसत्यात ही."

त्या दिवसापासून दुपारचं जेवण वाटून झालं की शालूबाई सात नंबरच्या खाटेशी स्टूल घेऊन बसायच्या. सुभेदार केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर अक्षरं काढायचे. पण त्यांनी ती शिकवली आपल्या पद्धतीनं.

"नुसतं डी म्हणायचं न्हाई. डी म्हटलं की पलीकडच्याला बी ऐकू येतं, टी ऐकू येतं. तोफ भलतीकडंच उडती. डी म्हंजे डेल्टा. ई म्हंजे एको. एम म्हंजे माइक. म्हणा."

"डेल्टा. एको. माइक."

"मोठ्यानं."

शालूबाईंना मोठ्यानं म्हणायला सांगावं लागत नसे. पण सुभेदारांनी सांगितलं, म्हणून त्या म्हणाल्या. ऑपरेशनच्या खोलीतून एक सिस्टर धावत आली.

आठवड्यात सव्वीस अक्षरं बसली. मग शालूबाईंना जिथंतिथं अक्षरं दिसायला लागली. औषधाच्या बाटलीवर दिसली, दारावरच्या पाटीवर दिसली, बेडपॅनच्या बुडाला दिसली. कपड्यांच्या खोलीत चादरी ठेवायला एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं होतं. दुष्काळात अमेरिकेतून औषधं आली, त्यांतलं ते. चार वर्षं शालूबाई त्यातून रोज चादरी काढत होत्या, आणि त्याच्या अंगावरच्या काळ्या अक्षरांना त्या नक्षी समजत होत्या. त्या सोमवारी त्यांनी ती एकेक करून लावली, आणि शब्द बोलला. डायरिया.

त्यांनी अक्षरं बोटांवर मोजली. आठ भरली. पण कागदाप्रमाणं नववं अक्षर त्यांच्या वाट्याला येत होतं. म्हणजे शब्द नऊचा हवा होता.

त्या औषधांच्या खिडकीशी गेल्या.

"आवं साहेब, डायरियात एक अक्षर जादा झालंय तुमच्या कागदावर. खोक्यावर आठच हायत."

लालासाहेब खोकल्याचं औषध मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही. "शालूबाई, खोक्यावरचं वाचत बसू नका. यादी पाठ करा."

सुभेदारांना विचारलं, तर त्यांनी बराच वेळ विचार केला. "कंपाउंडर एकेक लेबल लिवतो," ते म्हणाले. "खोकंवाला हजारानं छापतो. हजारदा चुकल म्हणता? मला न्हाई वाटत."

शालूबाईंना ते पटलं.

स्पर्धा रविवारी सांगलीत होती. तिघं सकाळच्या बसनं गेले. लालासाहेबांनी टाय बांधला होता. विजयमाला सिस्टरांनी पांढरी साडी नेसली होती, आणि शालूबाईंनी जोंधळी रंगाचं इरकली लुगडं. हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती. बरीचशी चार दवाखान्यांतलीच, काही नुसती पंख्याखाली बसायला आलेली. स्टेजवर एकच माइक होता आणि त्याला खरखर होती. शब्द वाचायला आणि निकाल द्यायला मोठे डॉक्टरच होते. दुसऱ्या कुणाला खेळ माहीत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "उभं राहायचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल. अमेरिकेत असंच असतं."

अमेरिकेत असं असतं की नाही, हे तपासायला वेळ नव्हता. चिठ्ठी उघडली. शालूबाई पहिल्या, लालासाहेब दुसरे, विजयमाला सिस्टर तिसऱ्या.

लालासाहेबांनी टायची गाठ सैल केली. "संपलं," ते सिस्टरांना हळूच म्हणाले. "ह्यांना पहिलं, चौथं, सातवं काहीच माहीत नाही."

"हाय की," शालूबाई म्हणाल्या. "समदंच हाय."

लालासाहेबांना वाटलं, घाबरून बोलतायत.

पहिली लढत मिरजेच्याच दुसऱ्या दवाखान्याशी होती. पाच-पाच शब्द. पहिला शब्द आला, बँडेज. शालूबाई माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ब्राव्हो."

हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. त्याला वाटलं, बाई शाबासकी देतायत.

"शालूबाई, अक्षर सांगायचं," डॉक्टर म्हणाले.

"अक्षरच हाय. बी. ब्राव्होचा बी. सुभेदारांनी सांगितलंय तसंच म्हणायचं म्हणून. न्हाईतर डी ऐकू येतं."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. नियमात असं कुठं लिहिलं नव्हतं, कारण नियम त्यांनीच केले होते. "चालेल," ते म्हणाले. "कळल्याशी कारण."

लालासाहेब "ए" म्हणाले, सिस्टर "एन" म्हणाल्या. मग शालूबाई "डेल्टा" म्हणाल्या, आणि ते चौथं अक्षर होतं, आणि बरोबर होतं. लालासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि स्वतःचं पाचवं अक्षर विसरता विसरता बोलले.

खरखरणाऱ्या माइकचा फटका समोरच्या टीमला बसला. त्यांचा वॉर्डबॉय "एन" म्हणाला, डॉक्टरांना "एम" ऐकू आलं. तो म्हणे मी एन म्हणालो, हॉलमधले निम्मे म्हणे एम, निम्मे म्हणे एन. सात मिनिटं त्यात गेली. शालूबाईंच्या अक्षरांवर कोणी वाद घातला नाही. फक्त थर्मोमीटरच्या वेळी सातव्या अक्षराला त्या "माइक!" असं ओरडल्या, तेव्हा लाउडस्पीकरवाला पळत आला आणि त्यानं माइक वरखाली केला. त्यानंतर खरखर थोडी वाढली. शब्द बरोबर धरला गेला.

मिरजेचा तो दुसरा दवाखाना हरला. शेवटची लढत सांगलीच्या टीमशी लागली. सांगलीची आया चष्मा लावणारी होती आणि तिची मुलगी कॉलेजात होती, असं कळलं. त्यांचे पाच शब्द झाले, एक चुकला. मग शालूबाईंच्या टीमचे चार झाले. चारही बरोबर. पाचवा आला की जिंकले.

शालूबाईंच्या हाताला घाम आला होता. त्यांनी तो पदराला पुसला. समोरची दोनशे माणसं आता बोलत नव्हती. म्हसवडच्या बाजारात दोनशे माणसांतून त्या कितीदा चालल्या होत्या, पण ती माणसं त्यांच्याकडे बघत नव्हती. ही बघत होती. भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी उघडली. "डायरिया."

"डेल्टा."

"आय," लालासाहेब म्हणाले.

"ए," सिस्टर म्हणाल्या.

"रोमिओ."

"आर."

"एच."

सातवं अक्षर शालूबाईंचं होतं. खोकं त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, आतल्या चादरींसकट. एच, मग ई, मग ए. त्या स्पष्ट म्हणाल्या, "एको."

आता लालासाहेबांची पाळी. बावीस वर्षांत त्यांनी हा शब्द हजारो वेळा लिहिला होता, आणि प्रत्येक वेळी एचच्या पुढं ओ लिहिला होता. मग ई, मग ए. नऊ अक्षरं. ओ राहून गेला होता. त्यांनी टाय सरळ केला, माइक धरला आणि हॉलला सांगितलं, "सर, आमच्या टीमची चूक झालेली आहे. सातवं अक्षर ओ हवं. मी पुढं सांगू शकत नाही."

शालूबाई माइकपासून दोन पावलं मागं सरकल्या. आपल्यामुळं गेलं, एवढंच त्यांना कळलं.

डॉक्टर चिठ्ठीकडे बघत होते. त्यांचा चेहरा वाईट झाला होता. "लालासाहेब, तुम्ही ए म्हणाला असतात तर शब्द पुरा झाला असता. अमेरिकेत ओ घालत नाहीत. मी चिठ्ठीवर दोन्ही लिहून ठेवलीत."

"पण ओ आहे, सर."

"इंग्लंडच्या इंग्रजीत आहे."

"मग ते चूक का?"

"नाही. तेही बरोबर."

"दोन्ही बरोबर?"

"दोन्ही."

लालासाहेब जागच्या जागी उभे राहिले. आठवं अक्षर आलंच नाही, म्हणून शब्द बाद झाला. दोन्ही टीमचे चार-चार झाले आणि डॉक्टरांनी एकेक जादा शब्द दिला. सांगलीला सर्जन आला. त्यांनी तो सरळ सांगितला. मिरजेला कफ आला, म्हणजे खोकला, पाच अक्षरांचा, दवाखान्यातल्या मांजरालाही ठाऊक असलेला.

"चार्ली," शालूबाई म्हणाल्या.

लालासाहेब माइकपाशी आले. दहा सेकंदांत अक्षर सांगायचं होतं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"पण सर, दोन्ही कशी बरोबर?"

"लालासाहेब, अक्षर."

"नाही, मी म्हणतो, एक तर हे बरोबर असेल, नाहीतर ते—"

घंटा वाजली.

सांगलीला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचे तीन मोठे डबे. मिरजेला दुसरं, स्टीलचे तीन लहान डबे. टाळ्या दोघांनाही सारख्याच वाजल्या.

परतीच्या बसमध्ये तिघं एका बाकावर बसले. विश्रामबाग मागं पडलं. मग लालासाहेब म्हणाले, "चूक दिसल्यावर लपवायची नाही, असा माझा नियम आहे."

"चूक माझी हुती न्हवं?" शालूबाई म्हणाल्या.

"मला तसं वाटलं."

"मग लपवायची का न्हाई, ते मी बघितलं असतं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळं पुढच्या बाकांवरच्यांनीही मागं वळून पाहिलं. "साहेब, मी खरंच चुकले असते तर मला राग आला नसता. मी नवी हाय, चुकणारच. पर बरुबर असून दोनशे लोकांत तुमी मला चुकलं म्हणाला. तुमाला आठ दिस आदी सांगितलं हुतं मी, खोक्यावर आठच हायत म्हणून. एकदा येऊन बघितलं असतं तर?"

लालासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. तिकडे रिकाम्या प्लॉटांशिवाय काही नव्हतं.

विजयमाला सिस्टर त्या दिवशी अक्षरांखेरीज पहिल्यांदाच काही बोलल्या. "आणि दादा, कफमध्ये तरी ओ म्हणायचा होता. तिथं ओ होता."

मिरज आलं तशी तिघं उतरली आणि तीन दिशांना गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब कपड्यांच्या खोलीत गेले. तिथं ते बावीस वर्षांत कधी आले नव्हते. त्यांनी चादरी उचलून बाजूला ठेवल्या, खोकं उजेडाकडे वळवलं, चष्मा पुसला आणि वाचलं. मग बोटांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. चादरी होत्या तशा घातल्या आणि ते पुरुषांच्या वॉर्डात आले. शालूबाई सात नंबरची उशी सारखी करत होत्या.

लालासाहेब वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले. तिथं अकरा पेशंट होते.

"काल सांगलीत शालूबाई बरोबर होत्या," ते मोठ्यानं म्हणाले. "चूक माझी होती. त्यांनी मला आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं."

चार नंबरच्या पेशंटनं चहा कधी येणार म्हणून विचारलं. सुभेदार नाथाजींनी निजल्या निजल्या लालासाहेबांना सॅल्यूट ठोकला. तो त्यांच्या लांबलचक नोकरीतला सगळ्यात आडवा सॅल्यूट असावा.

शालूबाईंनी उशी खाली ठेवली. "ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "तुमी इतक्या लोकांत सांगितलं, फिटलं." त्यांचे डोळे भरून आले होते. लालासाहेबांना ते दिसलं, आणि काय करावं हे न सुचून त्यांनी चार नंबरची नाडी बघितली, जे त्यांचं काम नव्हतं.

पुढच्या महिन्यात सिद्धनाथाच्या यात्रेला शालूबाई चार दिवस रजा काढून म्हसवडला गेल्या. सासू रंगुबाई अंगणात लोकर निवडत बसली होती. शालूबाईंनी नवा स्टीलचा डबा तिच्यापुढं ठेवला. रंगुबाईनं तो उलटा करून बुड बघितलं.

"कुणी दिला?"

"बक्षीस मिळालंय. सांगलीत."

"कशाचं?"

"अक्षरं म्हटली मी. लोकांम्होरं. इंग्रजी."

रंगुबाई लोकर निवडता निवडता थांबली. "तुला येत्यात?"

"येत्यात आता."

"मग पैला नंबर का न्हाई आला?"

शालूबाईंनी सगळं सांगितलं. खोकं, ओ, ई, अमेरिका, इंग्लंड, कंपाउंडर. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाच उठून कोंबडी हाकलली.

"म्हंजे एका अक्षरावरनं दोन देशांची भांडणं," ती म्हणाली.

"भांडण न्हाई, आत्या. दोगंबी बरुबरच हायत."

"असं कसं?"

"मला काय ठावं?"

रंगुबाईनं डब्याचं झाकण लावून पाहिलं. घट्ट बसत होतं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "जेवलीस का?"